खालून चिरलेला काप

आनृशंस्य हा शब्द आता मराठीत कोणी वापरीत नाही. नृशंस म्हणजे क्रूर, हे आपल्याला ठाऊक असते. पण क्रौर्याच्या अभावालाही पूर्वसूरींनी एक स्वतंत्र नाव देऊन ठेवले होते, याचा मात्र विसर पडला आहे. दयेहून हा गुण निराळा. दया वरून खाली येते. देणारा उंचावर आणि घेणारा पायथ्याशी, अशी तिची रचना असते. आनृशंस्याला उंची लागत नाही. जिथे कापल्यावाचून गत्यंतर नाही, तिथे गरजेपेक्षा केसभरही खोल न जाणे, एवढीच त्याची व्याप्ती. म्हणूनच ज्याच्या हाती धार आहे त्यालाच हा गुण सिद्ध करता येतो. रिकाम्या हाताच्या सौम्यपणाची परीक्षा कोणी आणि कशी घ्यावी?

हा गुण ज्यांच्या ठायी दीर्घकाळ वसला, ते गृहस्थ एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात भाज्या चिरीत असत. देहाने आडवे, मानेला घडी, मनगट सुताराचे; आणि स्वयंपाकघराने त्यांना नाव दिले होते बारीकराव. नवा माणूस हे नाव ऐकून एखाद्या काडीपैलवानाचा शोध घेऊ लागे, आणि समोर हा डोंगर पाहून हसे. हसू ओसरले की त्याची नजर त्यांच्या फळीवर जाई, आणि नाव देहावरून पडलेले नाही हे त्याच्या ध्यानी येई.

ते तळघर लांबट होते. पोलादी टेबलांच्या दोन रांगा, मधून वाहणारी पाण्याची पन्हळ, आणि भिंतीच्या वरच्या अंगाला रस्त्याच्या पातळीवर एक आडवी खिडकी. तिच्यातून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. बारीकरावांच्या समोर सोलणाऱ्या मावशी बसत. त्यांच्यापुढे बटाट्याची साल टिकत नसे आणि माणसाचीही.

“काय रे बारीक,” मावशी म्हणत, “आज गाजरांना शाळेच्या रांगेत उभं करतोयस की काय?”

“एका भांड्यात शिजायचं तर सगळी सारखी हवीत, मावशी. लहान असतं ते विरघळतं, मोठं असतं ते कच्चं राहतं, आणि शिव्या आचाऱ्याला पडतात.”

“म्हणजे आमच्या घरासारखंच की. फक्त तिथं शिव्या मला पडतात.”

बारीकराव गालातल्या गालात हसत आणि सुरी सळईवर घाशीत. धारेविषयी त्यांचा आग्रह विलक्षण होता. लोक धारदार सुरीला भितात. ते बोथट सुरीला भीत. धार नसली की आपण कापत नाही, चिरडतो, असे ते म्हणत. बोथट सुरीखाली कांदा अधिक रडवतो, टोमॅटो आधी दबतो आणि मग फाटतो, आणि हात अधिक जोर लावू लागला की घसरतो. क्रौर्य बहुधा तीक्ष्णतेत नसून बोथटपणात असते, हे तत्त्व त्यांनी कधी शब्दांत मांडले नाही. शब्दांत मांडण्याचा तो पेशाच नव्हता.

घरी त्यांना एकच शिष्या लाभली. ती त्यांची मुलगी. त्या घरात एकच मोठे टेबल होते. त्याच्या एका टोकाला त्यांच्या पत्नीचे शिवणयंत्र आणि दुसऱ्या टोकाला ही फळी. मुलगी मधे बसे. प्रथम त्यांनी तिला डावा हात शिकवला. बोटांची टोके आत वळवून पंजा करायचा, अंगठा त्यांच्या मागे लपवायचा, आणि सुरीचे पाते पेरांना टेकवून चालवायचे, म्हणजे पात्याला वाट सापडते आणि बोट वाचते. गोल भाजी फळीवर डगमगते, म्हणून आधी तिची एक बाजू पातळ उतरवून तिला बूड करून द्यायचे. मग पट्ट्या, पट्ट्यांच्या काड्या, काड्यांचे चौकोनी दाणे. सुरीचे टोक फळीवरून उचलायचे नाही. मागची बाजू तेवढी झोपाळ्यासारखी वरखाली व्हावी.

“भाजीला बूड का द्यायचं, बाबा?”

“ज्याला कापायचं, त्याला आधी नीट बसू द्यावं.”

यंत्रामागून पत्नी म्हणे, “ऐकलंस ना? आणि मला लग्नानंतर दोन वर्षं खुर्ची नव्हती घरात.”

तिच्या बोलण्याला टाके घट्ट असत. ती कापड कापी आणि हे भाज्या. त्यावरून उभयतांत जन्मभर चढाओढ चाले. “तुमचं कापलेलं संध्याकाळपर्यंत पोटात जातं,” ती म्हणे, “माझं वर्षानुवर्षं लोकांच्या अंगावर दिसतं.” त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: “म्हणून तर तुझ्या चुकाही वर्षानुवर्षं दिसतात.” आणि ती कात्री उगारून दाखवी.

मुलगी नोकरीला लागली त्या सुमारास पत्नीच्या बोलण्यातले टाके उसवू लागले. प्रथम शब्द नाकातून येऊ लागले. मग चहाचा घोट ठसक्यावाचून उतरेना. मज्जातंतू हळूहळू झिजवीत नेणारा तो आजार होता. त्याला उतार नव्हता, नुसते उतरणे होते. जिभेचे आणि घशाचे बळ ओसरत गेले तसतशा ताटातल्या फोडी लहान होत गेल्या. आरंभी बोटाच्या पेराएवढ्या, पुढे करंगळीच्या नखाएवढ्या, पुढे डाळीएवढ्या. दुसऱ्या कोणा रुग्णाचे कुटुंब या आजाराची वाटचाल डॉक्टरांच्या शब्दांवरून समजून घेत असेल. बारीकराव ती आपल्या फळीवर पाहत होते. रोज रुग्णालयात ज्या मापांनी ते अनोळखी माणसांसाठी चिरीत, त्याच मापांची उतरंड आता त्यांच्याच घरात लागली होती, आणि तिची शेवटची पायरी कोणती हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याच रुग्णालयात होत्या. बाई बोलायला मऊ, निर्णयाला कठोर. तपासणी करून त्यांनी सांगितले की यापुढे तुकडा नको. सारे वाटून, गाळून, लापशीसारखे करून द्यायचे. तुकडा घशाऐवजी श्वासाच्या वाटेला गेला तर तो बाहेर ढकलण्याचे बळ आता यांच्यात नाही.

पहिल्या दिवशी ती करडी लापशी समोर आली तेव्हा पत्नीने वाटीत पाहिले आणि सावकाश, एकेक अक्षर उचलून ठेवीत विचारले, “हे मला खायचंय, का मी आधीच खाल्लंय?”

मुलगी हसली आणि मग उठून आत गेली.

थट्टेने पोट भरत नाही. ती दोन चमचे घेई आणि ओठ मिटी. दंडावरची कातडी सैल पडली. लग्नातल्या बांगड्या मनगटावर राहीनात, म्हणून तिने स्वतःच काढून ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी पोटात नळी बसवण्याविषयी विचारले, आणि तिने मान हलवून नकार दिला. माणूस जेवतो तो केवळ जगण्यासाठी नव्हे; समोरच्या ताटात काय आहे हे ओळखता यावे, हाही भोजनाचा एक भाग आहे. तिला ओळखीचा घास हवा होता. तो दिला तर धोका, आणि न दिला तर ती डोळ्यांदेखत विझत होती.

या पेचातून बारीकरावांनी एक काप निर्माण केला. बीट सालीसकट इतके उकडायचे की जिभेच्या दाबानेच ते विरावे. गार झाल्यावर त्याच्या चकत्या करायच्या. चकती फळीवर ठेवून तिच्या दोन्ही अंगांना आइस्क्रीमच्या चपट्या काड्या ठेवायच्या. मग सुरी अगदी जवळजवळ, उभी आणि आडवी चालवायची. काड्यांशी येऊन पाते थांबे, त्यामुळे चकती जवळजवळ तळापर्यंत चिरली जाई पण तुटत नसे. सायीएवढा पापुद्रा शिल्लक राही आणि तोच सारे कण धरून ठेवी. शेवटी चकती अलगद उलटायची. वरून पाहणाऱ्याला ती अखंड, तुकतुकीत, लालभडक दिसे. तोंडात गेल्यावर मात्र तिचा भुगा होई. बिटाच्या गडद रंगात कापाची रेघही दिसत नसे.

त्यांनी ती चकती आधी डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. बाईंनी चमच्याच्या पाठीने ती दाबून पाहिली, दोन बोटांत घेऊन पाहिली.

“मी याला चांगलं म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्या काहीच खात नाहीत, हे त्याहून वाईट आहे. एका वेळी एक. ताठ बसवून. आणि यांची ताटली कायम वेगळी. घरातल्या दुसऱ्या कापांत हे मिसळता कामा नयेत. तुमचं काम फार हुबेहूब आहे, मला तीच भीती वाटते.”

“कायम वेगळी,” बारीकरावांनी मान डोलावली.

त्या चकत्यांवर पुढचा हिवाळा निघाला. पत्नीच्या चेहऱ्यावर किंचित ओल आली. ताटलीतला काप काट्याने उचलून ती आधी उजेडाकडे धरी. “नीट कापलंय का बघते,” असे ती म्हणे. मुलगी हे सारे पाही. खालून चिरलेले काप आईचे आणि साधे काप आपले, हे तिला पुरते ठाऊक होते.

मुलीचे लग्न ठरले. मुलाकडची माणसे, व्याही, विहीणबाई आणि मुलगा, दुपारच्या जेवणाला यायची होती. आदल्या दिवशी पत्नीने नवऱ्याला जवळ बसवून घेतले.

“अहो. उद्या माझी वेगळी ताटली नको.”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना.”

“विहीणबाई बघतील. पहिल्याच दिवशी. मुलीची आई आजारी, एवढंच लक्षात राहील त्यांच्या.” मग दम घेऊन ती म्हणाली, “सगळ्यांच्या थाळीतलं मला वाढा. एकदा.”

बारीकरावांनी उत्तर दिले नाही, आणि त्यांचे उत्तर न देणे म्हणजे होकार हे तिला ठाऊक होते. नियम मोडण्याचा तो त्यांच्या आयुष्यातला बहुधा पहिला प्रसंग. तोही त्यांनी आपल्या परीने काटेकोरपणे मोडला. घरातल्या एकमेव मोठ्या, लांबट थाळीत त्यांनी पाहुण्यांसाठी साधे, जरा कडक राखलेले बिटाचे काप रचले, आणि एका टोकाला खालून चिरलेले तीन-चार. थाळी टेबलावर ठेवताना त्यांनी ते टोक पत्नीच्या बाजूला केले. मुलीला म्हणाले, “आईच्या बाजूचे ते आईचे. तिला तिथूनच वाढ.”

“हो बाबा.” ती केसांत काटे खोचीत होती.

थाळीच्या काठाचा एका ठिकाणी टवका उडालेला होता. बारीकरावांनी थाळी ठेवली तेव्हा तो टवका नेमका विहीणबाईंच्या खुर्चीसमोर आला. त्यांच्या ते लक्षातही आले नाही. ते थाळीकडे कापांच्या अंगाने पाहत होते. मुलीच्या लक्षात आले. पाहुणे आत येत असताना तिने चटकन थाळी अर्धी फिरवली आणि टवका आईच्या बाजूला नेला. आपल्या घरातले जे उणे ते आपल्या माणसाकडे वळवावे आणि पाहुण्यापुढे चांगली कड यावी, एवढीच तिची बुद्धी होती. थाळी फिरली की काप फिरतात, हे त्या घाईत तिच्या मनात आले नाही, आणि थाळीतले सारे काप तर एकसारखेच दिसत होते.

जेवण रंगले होते. व्याही आपल्या मुलाची खोड काढीत होते: “याला चहासुद्धा करता येत नाही, आधीच सांगतो. मागून तक्रार चालणार नाही.”

“मला येतो की,” मुलगी म्हणाली.

“मग हा फक्त पिणार. त्यात तो वाकबगार आहे.”

सारे हसले. पत्नीही हसली. मुलीने सर्वांच्या आधी आईच्या ताटात, आईच्या बाजूचा काप वाढला. बारीकराव पाव आणायला आत गेले होते.

ते परतले तेव्हा पत्नी ताठ बसलेली होती आणि तिचे डोळे विस्फारले होते. काप जिभेखाली विरला नाही, हे तिला तोंडात घेताच कळले असले पाहिजे. थुंकायचा अवधी होता. पण चारचौघांत, विहीणबाईंच्या देखत, पहिल्याच दिवशी तिने तो थुंकला नाही. तिने गिळून पाहिले.

पुढची धावपळ सांगण्याजोगी नाही. बारीकरावांनी तिला मागून कवेत घेऊन पोटाशी झटके दिले. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेले सारे त्यांनी केले. अखेर काप बाहेर पडला, आणि टेबलक्लॉथवर लाल डाग पाहून विहीणबाईंना ते रक्त वाटले. श्वास परत आला खरा, पण छातीत घरघर राहिली. जावई व्हायचा होता त्याने गाडी आणली. मुलगी आणि व्याही तिला धरून खाली उतरले.

बारीकराव क्षणभर मागे राहिले. टेबलावर पडलेला काप त्यांनी उचलून पालथा केला. खालची बाजू वरच्यासारखीच गुळगुळीत होती. त्यांनी थाळीकडे पाहिले. टवका पत्नीच्या खुर्चीसमोर होता, आणि विहीणबाईंच्या टोकाचा काप उलटून पाहिला तर तो खालून चिरलेला निघाला. एवढे पुरेसे होते. त्यांनी थाळी पुन्हा अर्धी फिरवून होती तशी केली. खालून चिरलेले काप आता पुन्हा पत्नीच्या बाजूला आले. मोजदाद होऊ नये म्हणून ते त्यांनी एकेक उचलून उभ्याउभ्या खाऊन टाकले, शेवटचा वगळून. पालथा गुळगुळीत काप खिशात घातला.

विहीणबाई पर्स घ्यायला मागे आल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या.

“व्याही,” त्या म्हणाल्या, “मी काही पाहिलं नाही.”

“उपकार झाले, विहीणबाई.”

रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर मुलगी डॉक्टरीणबाईंपुढे हुंदके देत होती. “मीच वाढला तो काप. आईच्या बाजूचाच वाढला.” घाईत आपण थाळी फिरवली होती, हे तिला आठवतही नव्हते.

“तू बरोबर वाढलास,” बारीकराव म्हणाले. “तिच्यासाठी ठेवलेल्यांतला एक माझ्याच हातून चिरायचा राहिला. घाईत होतो. थाळी अजून तशीच आहे टेबलावर, जाऊन बघ. त्या बाजूला एक आहे, तो चिरलेला आहे.” त्यांनी खिशातला काप पुढे धरला. “हा नव्हता.”

मुलीने त्यांच्याकडे वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावरून एक ओझे उतरले आणि त्याच जागी दुसरे काही चढले. तो पालट त्यांनी पाहिला.

छातीत गेलेल्या अन्नकणांनी पत्नीला ताप आणला. ती काही दिवसच होती. तोंडावर मुखवटा, बोलण्याचे बळ नाही. एकदा मुलगी बाहेर गेली असता तिने नवऱ्याचा तळहात ओढून घेतला, आणि त्यावर बोटाने उभ्या आणि आडव्या रेघा काढल्या. मग नकारार्थी मान हलवली. तो काप चिरलेला नव्हता.

“माहीत आहे,” ते म्हणाले, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाराकडे पाहिले.

तिने दाराकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. त्यांच्या तळहातावरच्या न उमटलेल्या रेघा तिने आपल्या हाताने पुसल्यासारख्या केल्या, आणि डोळे मिटले. उभयतांचे शेवटचे संभाषण ते एवढेच.

लग्न पुढे साधेपणाने झाले. निघण्यापूर्वी मुलगी वडिलांजवळ आली. ती रडत नव्हती.

“एक काप, बाबा. जन्मभर हेच केलंत. तेवढा एक नीट बघता आला नाही?”

“नाही बघता आला.”

तळघरात ही वार्ता पोचायला वेळ लागला नाही. मुख्य आचाऱ्याने, नाइलाजाने आणि नियमाला धरून, गिळण्याच्या रुग्णांची फळी त्यांच्याकडून काढून घेतली. त्यांच्या वाट्याला कर्मचाऱ्यांच्या जेवणाचे कांदे आले. बारीकरावांनी हरकत घेतली नाही. ते कांदेही त्यांनी असे चिरले की प्रत्येक पाकळी दुसरीची जुळी वाटावी. पण आता कोणी पाहायला येत नसे, आणि नव्या माणसांना त्यांच्या नावाचा अर्थही कोणी सांगत नसे.

मावशींनी एकदा सोलता सोलता डोळे वर केले. “तुझा हात चुकला म्हणे. मला नाही पटत. एकवेळ सुरी चुकेल.”

“मी माणूसच आहे, मावशी.”

“ते मला कुणी सांगितलं नव्हतं,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा बटाटा उचलला.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. अधूनमधून लेकीकडे जात. सवयीने त्यांचा हात फळीकडे गेला की ती हलकेच सुरी काढून घेई. “राहू द्या बाबा, मी चिरते.” तिच्या स्वरात राग नसे, राग असता तर एखाद्या दिवशी तो संपला असता. आपल्या लेकराच्या ताटातले काही त्यांच्या हाताखालून जाऊ नये, अशी ती सावधगिरी होती. तिचा त्यात दोष तो काय? आई गमावलेल्या मुलीने शिकलेला तो धडा होता, आणि शिकवणारे तेच होते. विहीणबाई त्या वेळी खोलीत असल्या तर उठून खिडकीशी जात.

बारीकराव स्टुलावर बसून लेकीचा डावा हात पाहत. बोटे आत वळलेली, अंगठा मागे लपलेला, पाते पेरांना टेकलेले. गाजराला तिने आधी बूड करून दिलेले असे.

ते वारले त्याला आता बराच काळ लोटला. त्यांची सुरी लेकीच्या घरी एका खणात आहे. घासून घासून पाते अर्धे उरले आहे, आणि ती कोणी वापरीत नाही. त्या दिवशी चूक वडिलांच्या हातून झाली असे मुलगी आजही मानते, आणि तिला झोप लागते.